श्रावणातला निष्पर्ण साग आणि एक तपकिरी पतंग

पावसाळा ऐन भरात आला की जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांतील माणसे सुट्टीच्या दिवशी डोंगराची वाट धरतात. कोणी रावेर तालुक्यातील पालला जातो, कोणी मनुदेवीच्या दर्शनाच्या निमित्ताने सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचतो, तर कोणी शिरपूरहून अनेर नदीच्या खोऱ्यात शिरतो. चोहीकडे हिरवा रंग दाटलेला असतो. अशा वेळी एखाद्या वर्षी समोरच्या उतारावरचे सागाचे रान मात्र विचित्र दिसते. बाकीची झाडे पानांनी लगडलेली आणि सागाच्या फांद्यांवर केवळ शिरांचे सांगाडे, असा तो देखावा असतो. उन्हाळ्यात सागाची पाने गळतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण भर श्रावणात निष्पर्ण झालेला साग पाहून मनात शंका येते. झाडांना रोग लागला काय? कोणी विषप्रयोग केला काय? जंगल मरू लागले काय? मग वन खाते झोपले आहे, ताबडतोब फवारणी झाली पाहिजे, असा सूरही उमटू लागतो.

या सर्व शंकांचे उत्तर जेमतेम दीड इंच पंखविस्ताराच्या एका तपकिरी पतंगात दडलेले आहे. शास्त्रीय परिभाषेत त्याचे नाव ‘हायब्लिया प्यूरा’. त्याची अळी सागाची पाने खाऊन झाड उघडे करते, म्हणून वनशास्त्रात तो सागाची पाने खाणारा कीटक म्हणून ओळखला जातो. सागाच्या रानात तो दुर्मीळ नाही. किंबहुना पावसाळ्याच्या आरंभी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या किड्यांमध्ये तो आपण अनेकदा पाहिलेलाही असेल. फक्त तो ओळखलेला नसतो. हा पतंग ओळखता आला आणि त्याच्या आयुष्याचे वेळापत्रक समजले, तर जंगलाविषयीची भीती बरीचशी ओसरते. एवढेच नव्हे, तर शेताच्या बांधावर किंवा एक-दोन एकरांत साग लावलेल्या शेतकऱ्याचा फवारणीवरचा वायफळ खर्चही वाचू शकतो.

सागाचा प्रदेश

खानदेश म्हटले की केळी, कापूस आणि भरीत डोळ्यांसमोर येते. पण या प्रदेशाच्या उत्तरेला सातपुडा आणि पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे यांनी सागाची मोठी देणगी दिलेली आहे. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांतूनच पुढे जळगाव आणि धुळे हे जिल्हे आकाराला आले, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झाले, तर धुळे जिल्ह्यातील अनेर धरण अभयारण्य १९८६ साली. सातपुड्यातील वने शुष्क पानझडी प्रकारची आहेत. साग, अंजन, सालई, धावडा यांसारखी झाडे तेथे आढळतात. जुन्या वाड्यांच्या तुळया, खांब, दरवाजे आणि बैलगाड्या यांसाठी सागाला पर्याय नव्हता. डोंगरातील पावरा, भिल्ल आणि तडवी समाजांच्या जीवनात तर हे झाड घराच्या आढ्यापासून पावसात डोक्यावर धरायच्या पानापर्यंत सर्वत्र आहे.

पानझडी वनातील साग हिवाळा सरताना पाने गाळू लागतो आणि उन्हाळा उघड्या फांद्यांनी काढतो. पहिल्या सरी कोसळल्या की त्याला कोवळी, तांबूस छटेची पालवी फुटते. हे कोवळे पान तळहातावर चुरडले तर मेंदीसारखा लाल रंग उतरतो, हा खेळ खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणी खेळलेला आहे. याच कोवळ्या पालवीची वाट पतंगाची मादीही पाहत असते.

पतंग ओळखायचा कसा?

फुलपाखरू आणि पतंग यांत सर्वसामान्य माणसाची गफलत होते. फुलपाखरे बहुतांशी दिवसा उडतात, बसताना पंख पाठीवर उभे मिटतात आणि त्यांच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंग बहुधा रात्री उडतात, बसताना पंख आडवे किंवा घराच्या उतरत्या छपरासारखे ठेवतात आणि त्यांच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. या नियमांना अपवाद आहेत; परंतु पहिली चाळणी म्हणून ते पुरेसे आहेत.

आपला पतंग छपरासारखे पंख मिटून बसतो. त्या अवस्थेत तो वाळक्या पानाच्या लहानशा त्रिकोणी तुकड्यासारखा दिसतो. पुढच्या पंखांचा रंग राखट तपकिरी ते तांबूस तपकिरी यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. दोन पतंग शेजारी ठेवले तर ते एकाच जातीचे आहेत यावर विश्वास बसू नये, इतका हा रंग बदलतो. त्यामुळे केवळ पुढच्या पंखांवरून ओळख पटविणे धोक्याचे आहे. खरी खूण मागच्या पंखांवर असते आणि ती बसलेल्या पतंगात झाकलेली असते. काडीने हलकेच डिवचले की पतंग पंख उघडतो आणि काळपट तपकिरी पार्श्वभूमीवर नारिंगी-पिवळे ठसठशीत पट्टे क्षणभर चमकून जातात. डोक्याच्या पुढे चोचीसारखे निघालेले टोक ही दुसरी खूण. पंख पसरले असता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे तीन ते चार सेंटिमीटर भरते.

खानदेशात दिव्यावर येणाऱ्या इतर तपकिरी पतंगांपासून त्याला वेगळे करायचे तर मागचे पंखच कामी येतात. कापूस उत्पादकांच्या परिचयाच्या हिरव्या बोंडअळीचा पतंगही फिकट तपकिरी असतो. पण त्याचे मागचे पंख फिकट असून कडेला काळपट पट्टा असतो. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीच्या पतंगाच्या पुढच्या पंखांवर पांढऱ्या रेषांची नक्षी असते आणि मागचे पंख पांढरे असतात. मोसंबीच्या बागायतदारांना त्रास देणाऱ्या रस शोषणाऱ्या पतंगाचे पुढचे पंख तपकिरी आणि मागचे नारिंगी असतात, म्हणून घोटाळा होण्याची शक्यता असते. परंतु तो पतंग आकाराने दुपटीहून मोठा असतो आणि त्याच्या मागच्या पंखांवर काळे ठळक डाग असतात. सायंकाळी पाचोळ्यातून भुर्रकन उडणारे आणि पुन्हा पाचोळ्यातच बसणारे तपकिरी फुलपाखरू तर पंख उभे मिटते. त्यामुळे ते लगेच बाजूला काढता येते.

हॉलंडमधील पीटर क्रेमर यांनी १७७७ साली या पतंगाचे शास्त्रीय वर्णन केले. भारतातील वनकीटकांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाल्यावर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील कीटकशास्त्रज्ञांनी सागाच्या शत्रूंमध्ये त्याला महत्त्वाचे स्थान दिले. सी. एफ. सी. बीसन यांच्या १९४१ सालच्या वनकीटकांवरील ग्रंथात त्याची सविस्तर दखल आहे. दक्षिण व आग्नेय आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत हा पतंग आढळतो. पुढे मध्य आणि दक्षिण अमेरिकेत सागाची लागवड झाली, तेथेही त्याचा उपद्रव नोंदला गेला.

तीन-चार आठवड्यांचे आयुष्य

या पतंगाच्या जीवनचक्राचे अंडे, अळी, कोष आणि पतंग असे चार टप्पे आहेत. मादी संध्याकाळनंतर कोवळ्या पानावर, बहुधा शिरेच्या कडेला, एकेक करून अंडी घालते. अंडे चपटे, लांबट गोल, पांढरट आणि सुमारे एक मिलिमीटर लांब असते. एक मादी साधारण पाचशे अंडी घालू शकते. काही माद्या याहूनही अधिक घालतात. उबदार हवेत दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात.

बाहेर पडलेली अळी इतकी लहान असते की ती शोधून काढावी लागते. पहिल्या दोन अवस्थांत ती पानाचा पृष्ठभाग खरवडून खाते. त्यानंतर ती पानाची कड अर्धगोल कापते, तो तुकडा दुमडून रेशमी धाग्यांनी शिवते आणि त्या घडीत दिवसभर दडून राहते. रात्री बाहेर येऊन ती पान खाते आणि पुन्हा घडीत परतते. ही घडी म्हणजे अळीचे घर, आणि आपल्या दृष्टीने तिच्या अस्तित्वाची पहिली खात्रीची खूण. वाढीच्या काळात ती चार वेळा कात टाकते, म्हणजे एकूण पाच अवस्थांतून जाते. पूर्ण वाढलेली अळी साधारण साडेतीन ते साडेचार सेंटिमीटर लांब असते. झाडावर अळ्या थोड्या असतील तर त्यांचा रंग हिरवट असतो. गर्दी झाली की त्या काळपट होतात. पाठीवर नारिंगी किंवा पिवळसर पट्टा आणि बाजूंना पांढऱ्या रेषा उमटतात.

अळीची अवस्था अनुकूल हवेत केवळ दहा-बारा दिवसांची असते. तिच्या एकूण खाण्यापैकी बहुतांश भाग ती शेवटच्या चार-पाच दिवसांत उरकते. लहान असताना तिने खाल्लेले जमिनीवरून दिसत नाही. मोठी झाल्यावर मात्र ती पानाच्या मुख्य शिरा तेवढ्या शिल्लक ठेवते. म्हणूनच गेल्या आठवड्यापर्यंत हिरवे असलेले रान या आठवड्यात अचानक उघडे पडल्यासारखे वाटते. प्रादुर्भाव मोठा असेल तेव्हा झाडाखाली उभे राहिल्यास वरून अळ्यांच्या विष्ठेचे बारीक कण सतत पाचोळ्यावर पडत असतात आणि पाऊस नसतानाही रिमझिम चालू असल्याचा भास होतो.

पोट भरलेली अळी धाग्याला लोंबकळत खाली उतरते. जमिनीवरील पाचोळ्यात किंवा मातीच्या पातळ थराखाली वाळक्या पानांचे तुकडे विणून ती सैलसर आवरण करते आणि त्यात तिचा कोष बनतो. जमीन फार ओली असेल तर खालच्या झुडपांच्या पानांतही ती आसरा घेते. सहा ते आठ दिवसांनी कोषातून पतंग बाहेर पडतो. नर-मादीचे मीलन होते, आणि मादी पुन्हा कोवळ्या पालवीच्या शोधात निघते. अशा प्रकारे एक पिढी तीन-चार आठवड्यांत पूर्ण होते. थंड हवेत हा काळ लांबतो.

या आकड्यांचा अर्थ साध्या गणिताने समजतो. एका मादीची पाचशे अंडी. त्यांतील निम्म्या माद्या धरल्या तर अडीचशे. त्या प्रत्येकीने पुन्हा पाचशे अंडी घातली, तर दीड-दोन महिन्यांत एका मादीची नातवंडे सव्वा लाख होतील. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण अंड्यापासून पतंगापर्यंतच्या प्रवासात बहुसंख्य जीव कोणाचे तरी अन्न होतात. ही गळती ज्या वर्षी कमी पडते आणि कोवळी पालवी एकाच वेळी मुबलक असते, त्या वर्षी उद्रेक होतो.

दुसरी अळी, दुसरी खूण

सागाच्या सर्व नुकसानीचे खापर या एकाच पतंगावर फोडणे मात्र योग्य नाही. मध्य भारतातील सागवनांत दुसरी एक अळी तितकीच महत्त्वाची आहे. तिचे शास्त्रीय नाव ‘युटेक्टोना मॅकिरॅलिस’. तिचा पतंग आणखी लहान, पिवळसर असून पुढच्या पंखांवर तांबूस नागमोडी रेषा असतात. ही अळी पान कापत नाही. पानावर विणलेल्या बारीक जाळ्याखाली राहून ती दोन शिरांमधील मऊ भाग खाते आणि लहान शिरांसह सगळी जाळी शाबूत ठेवते. त्यामुळे पान झाडावरच राहते. पण ते वाळलेल्या जाळीदार कापडासारखे दिसते. दुरून पाहणाऱ्याला रान होरपळल्यासारखे वाटते.

दोहोंतील भेद लक्षात ठेवणे अवघड नाही. पानाचा मोठा भाग नाहीसा झाला असेल आणि केवळ जाड शिरा उरल्या असतील, तर ते तपकिरी पतंगाच्या अळीचे काम. पानाचा आकार कायम असून त्याची नाजूक जाळी झाली असेल, तर ते दुसऱ्या अळीचे. काळही वेगळा असतो. पहिली कोवळ्या पालवीवर म्हणजे पावसाळ्याच्या पूर्वार्धात येते. दुसरीला जून झालेली पानेही चालतात, त्यामुळे तिचा जोर पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर दिसतो. गणपतीच्या आगेमागे किंवा नवरात्रात तपकिरी दिसणारा साग हा बहुतेक वेळा या दुसऱ्या अळीचा प्रताप असतो.

पतंग येतात कोठून?

उन्हाळ्यात सागाला पानच नसते, मग जूनच्या अखेरीस हजारो पतंग अवतरतात कोठून? अनेक कीटक प्रतिकूल काळ कोषात झोपून काढतात. या पतंगात तशी दीर्घ निद्रा आढळलेली नाही. केरळमधील पीची येथील वन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी निलंबूरच्या सागलागवडीत अनेक वर्षे निरीक्षणे केली. मोसमी पावसाच्या आधीच्या सरींनंतर उद्रेक प्रथम एक-दीड हेक्टरच्या लहान लहान तुकड्यांत सुरू होतो आणि पुढील पिढ्यांत मोठ्या क्षेत्रावर पसरतो, असे त्यांना आढळले. एका जागी बाहेर पडलेले पतंग तेथेच न राहता थव्याने अन्यत्र जातात. पावसाळी वाऱ्यांबरोबर ते लांबचा प्रवास करीत असावेत, असा तर्क त्यावरून मांडला गेला. उरलेल्या काळात थोडेसे पतंग जेथे कोवळे पान मिळेल तेथे तग धरून राहतात.

साग हे या अळीचे आवडते खाद्य असले, तरी ते एकमेव नाही. सागाच्या नात्यातील निर्गुडी, तसेच टेटू अशा अनेक वनस्पतींवर ती जगते. मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठी पावसाळा सरताना खारफुटीतील तिवरांची झाडे कधीकधी अशीच निष्पर्ण होतात. त्या नुकसानीमागेही हाच पतंग असल्याचे आढळून आले आहे. सातपुड्याचा डोंगर आणि मुंबईची खाडी यांना जोडणारा हा दुवा पाहिला म्हणजे निसर्गाचे धागे किती दूरवर विणलेले असतात याची कल्पना येते. तेथील तिवरेही काही आठवड्यांत पुन्हा पालवतात.

नुकसान खरे, पण कोणते?

अळीने एकदा पाने खाल्ली म्हणून साग मरत नाही. मुळांत आणि खोडात साठविलेल्या अन्नाच्या बळावर तो काही आठवड्यांत दुसऱ्यांदा पालवतो. श्रावणात उघडे दिसलेले रान भाद्रपदात पुन्हा हिरवे झालेले असते. नैसर्गिक मिश्र वनात तर या घटनेचा काही लाभही होतो. पानांचे छत्र विरळ झाल्याने जमिनीवरील गवताला आणि रोपांना ऊन मिळते. अळ्यांची विष्ठा पावसाच्या पाण्याबरोबर मातीत मिसळते. शेकडो पक्ष्यांना पिलांच्या संगोपनाच्या दिवसांत प्रथिनांनी भरलेले अन्न उपलब्ध होते.

मग नुकसान कशाचे होते? ते लाकडाच्या वाढीचे. पावसाळा हाच सागाच्या वाढीचा हंगाम. त्याच काळात पाने गेली तर झाडाची शक्ती नवी पाने घडविण्यात खर्च होते आणि खोडाची जाडी वाढत नाही. केरळच्या संस्थेतील के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निलंबूर येथे तरुण सागलागवडीतील काही झाडे अळीपासून संरक्षित ठेवून आणि काही तशीच सोडून पाच वर्षे मोजमाप केले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार असंरक्षित झाडांनी आपल्या संभाव्य वाढीपैकी सुमारे ४४ टक्के वाढ गमावली होती. हे तेच निलंबूर, जेथे १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांच्या पुढाकाराने सागाची सुप्रसिद्ध लागवड सुरू झाली. कोवळ्या रोपांत आणखी एक हानी संभवते. शेंड्याचा कोंब खाल्ला गेला तर खोड दुभंगते आणि सरळ, लांब लाकूड मिळण्याची आशा मावळते.

हे आकडे केरळच्या अतिपावसाच्या प्रदेशातील, केवळ साग असलेल्या तरुण लागवडीचे आहेत, हे विसरता कामा नये. सातपुड्यातील शुष्क, मिश्र वनाला ते जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जंगल आणि लागवड या दोन भिन्न गोष्टी आहेत. जंगलात हा पतंग निसर्गाच्या व्यवहाराचा भाग असतो, तर लाकडासाठी लावलेल्या सागात तो मालकाचा भागीदार बनतो.

निसर्गाचा बंदोबस्त

या भागीदाराला आवर घालणारे पुष्कळ आहेत. उद्रेकाच्या जागी साळुंक्या, कोतवाल, कावळे, सातभाई यांची झुंबड उडते. कोळी आणि मुंग्या लहान अळ्या टिपतात. काही परोपजीवी माश्या आणि सूक्ष्म गांधीलमाश्या अळीच्या अंगावर किंवा अंगात अंडी घालतात; त्यांची पिले अळीला आतून पोखरतात. याहूनही परिणामकारक म्हणजे एक विषाणू. १९८० च्या दशकात निलंबूरच्या सागवनात तो आढळला. त्याची लागण झालेली अळी मरगळते, तिचे शरीर आतून विरघळते आणि ती फांदीवर लोंबकळत मरते. फुटलेल्या शरीरातून विषाणू पानांवर पसरतो आणि इतर अळ्यांना लागतो. हा विषाणू माणसाला किंवा गुराढोरांना बाधत नाही. म्हणूनच केरळच्या शास्त्रज्ञांनी तो वाढवून फवारणीसाठी वापरण्याचे तंत्र विकसित केले.

या साखळीत माणूसही आहे. इंडोनेशियातील जावा बेटावर सागवनांच्या परिसरातील लोक पावसाळ्याच्या आरंभी पाचोळ्यातून या पतंगाचे कोष वेचतात आणि तळून खातात. तेथील बाजारात त्यांना चांगली किंमत मिळते. एका ठिकाणची कीड दुसऱ्या ठिकाणी हंगामी मेवा ठरते!

फवारणीची चुकलेली वेळ

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे वळू. निष्पर्ण साग दिसताच फवारणी करावी काय? जीवनचक्राचे वेळापत्रक समोर ठेवले तर उत्तर आपोआप मिळते. झाड उघडे झालेले डोळ्यांना दिसते तेव्हा अळ्यांची वाढ पूर्ण झालेली असते. त्यांतील बऱ्याच धाग्यांवरून उतरून पाचोळ्यात कोष करून बसलेल्या असतात. त्या वेळी झाडावर मारलेले औषध उरलेल्या शिरांवर पडते. कोषाला त्याचा उपद्रव होत नाही. उपद्रव होतो तो अळ्या खायला आलेल्या पक्ष्यांना, परोपजीवी माश्यांना, मधमाश्यांना आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात वाहून जाणाऱ्या विषामुळे खालच्या गावांना. ज्यांनी पुढची पिढी रोखली असती तेच मारले गेल्याने पुढचा उद्रेक अधिक मोठा होण्याचा धोका वाढतो. नैसर्गिक वनात, विशेषतः अभयारण्यात, फवारणीची मागणी करणे म्हणूनच अविचाराचे ठरेल.

लागवडीची गोष्ट वेगळी. पण तेथेही सारे काही वेळेवर अवलंबून आहे. पहिल्या पावसानंतर पालवी फुटली की पुढील तीन-चार आठवडे दर तीन-चार दिवसांनी काही झाडांची पाने उलटून पाहावीत. पानाच्या कडेला शिवलेल्या लहान घड्या दिसू लागल्या, तर हीच कारवाईची वेळ. रोपवाटिकेत आणि दोन-तीन वर्षांच्या झाडांत त्या घड्या हातांनी चिरडून टाकणे शक्य असते. क्षेत्र मोठे असेल तर अळ्या लहान असतानाच निंबोळी अर्क किंवा बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूवर आधारित जैविक कीटकनाशक, कृषी किंवा वन अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने, वापरता येते. मोठी झाडे मात्र स्वतःच सावरतात. त्यांच्यावर खर्च करण्याचे कारण नाही. पक्ष्यांना बसायला जागा राहील अशी बांधावरील इतर झाडे टिकविणे आणि सलग साग लावण्याऐवजी मिश्र लागवड करणे, हे दीर्घ पल्ल्याचे उपाय होत.

पाचोळा पेटवून कोष नष्ट करावेत, असाही एक समज आढळतो. पावसाळ्यात ओला पाचोळा पेटत नाही. उन्हाळ्यात तो पेटविला तर त्यात या पतंगाचे कोष बहुधा नसतातच. जळतात ती रोपे, जमिनीतील उपयुक्त जीव आणि मातीचा कस. सातपुड्यातील वणव्यांनी केलेली हानी या अळीच्या हानीपेक्षा कितीतरी मोठी आणि न भरून येणारी असते. अळीने खाल्लेले पान महिन्याभरात परत येते. वणव्यात जळालेले रोप येत नाही.

पुढच्या पावसाळ्यात डोंगराकडे जाल आणि हिरवाईत मध्येच सागाचा तपकिरी पट्टा दिसेल, तेव्हा घटकाभर थांबावे. खाली पडलेले एखादे पान उचलून पाहावे. त्याच्या केवळ जाड शिरा उरल्या आहेत की नाजूक जाळी झाली आहे? पाचोळा जरासा बाजूला केला तर वाळक्या पानांच्या तुकड्यांत गुंडाळलेला कोष सापडतो काय? फांद्यांवर कोतवाल आणि साळुंक्या किती आहेत? ही तीन निरीक्षणे केली तर अळी कोणती, ती आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि तिचा बंदोबस्त सुरू झाला आहे की नाही, हे जागच्या जागी समजते. त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी त्याच वाटेने पुन्हा जावे. मरू घातले आहे असे वाटलेले ते रान तोवर नव्या पानांनी भरू लागलेले असेल.